लंडनहून आलंय!

"लंडनहून आलंय," असं सर म्हणाले की विभागातल्या नव्या माणसाला वाटतं, पार्सल आलं असावं. जुन्यांना ठाऊक असतं. जगातल्या विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्यांनी सरांचं मत मागवलेलं असतं. आता पुढचा आठवडाभर वनस्पतिशास्त्र विभागात सरांकडे सहीचे कागद न्यायचे नाहीत, एवढं आम्हाला कळतं.

हे सर तुमच्याही ओळखीचे आहेत. तुमच्याकडे ते रसायनशास्त्रात असतील, नाहीतर इतिहासात. आमचे सर नेच्यांवर काम करतात. नेचे म्हणजे फर्न. सह्याद्रीत पहिल्या पावसानंतर दगडादगडाला फुटतात तेच. वाटेत नेचा दिसला की सर उकिडवे बसतात आणि पान उलटं करून बघतात, मग ती वाट मुलीच्या लग्नाच्या हॉलची का असेना. असा हा पानाची मागची बाजू बघितल्याशिवाय काही न बोलणारा माणूस. विद्यापीठांच्या बाबतीत मात्र तो पान उलटत नाही.

पत्र आलं की पहिल्यांदा त्याची प्रिंट निघते. स्क्रीनवर वाचलेलं सरांना वाचल्यासारखं वाटत नाही. ऑफिसातले भाऊसाहेब प्रिंटरच्या शाईबद्दल काहीतरी पुटपुटतात. प्रिंट 'जागतिक' असं लिहिलेल्या फाईलमध्ये जाते आणि फाईल सरांच्या काखेत. "हे गोपनीय असतं बरं का, कुणाला बोलू नकोस," असं सर मला सांगतात. त्याआधी त्यांनी ते विभागप्रमुखांना, शिपाईमामांना आणि कँटीनच्या गल्ल्यावर सांगितलेलं असतं.

खरं तर लंडनहून येणारी पत्रं दोन. २००४ ते २००९ पर्यंत 'क्यूएस' आणि 'टाइम्स हायर एज्युकेशन' मिळून एकच यादी काढत. मग वाटण्या झाल्या, दोघांनी वेगळी चूल मांडली आणि दोघंही आपापलं जगभरच्या प्राध्यापकांना विचारू लागले. टाइम्सच्या सर्वेक्षणात फक्त निमंत्रितांनाच भाग घेता येतो. ते पत्र ज्या वर्षी येतं त्या वर्षी सर जिना चढतानाही सावकाश चढतात. क्यूएसचा फॉर्म जास्त ऐसपैस. तुमच्या विषयात चांगली वाटणारी स्वदेशी विद्यापीठं सांगा, दहापर्यंत. परदेशी सांगा, तीसपर्यंत. स्वतःच्या विद्यापीठाचं नाव घालता येत नाही. अशी दीड लाखाहून जास्त प्राध्यापकांची मतं गोळा होतात. क्यूएसच्या यादीत या मतांना पूर्वी ४० टक्के वजन होतं, २०२४च्या यादीपासून ते ३० टक्के केलं. टाइम्सच्या यादीत अध्यापनाची कीर्ती आणि संशोधनाची कीर्ती मिळून ३३ टक्के. म्हणजे एखाद्या विद्यापीठाचं जगातलं स्थान जवळजवळ तिसरा हिस्सा आमच्या सरांच्या आणि सरांसारख्यांच्या मनावर अवलंबून.

ते मन मी जवळून पाहिलंय. कारण माउस माझ्या हातात असतो. सरांना ती खाली उघडणारी यादी आवरत नाही; बोट लागतं आणि नेदरलँड्सऐवजी नेपाळ निवडला जातो. त्यामुळे दार लावून, मामांना दोन चहा सांगून, सर डोळे मिटून सांगत जातात आणि मी टिचक्या मारत जातो.

सुरुवातच कटकटीने होते. फॉर्म विषय विचारतो आणि यादीत वनस्पतिशास्त्र नाही. 'जीवशास्त्रे' आहे.

"म्हणजे प्राण्यांबरोबर बसवलं?"

"हो सर."

आमच्या खालच्या मजल्यावर प्राणिशास्त्र आहे आणि पाण्याच्या कूलरवरून दोन्ही विभागांचं बोलणं बंद आहे. सर जरा वेळ खिडकीबाहेर बघतात, मग म्हणतात, "टाक. लंडनवाल्यांना काय कळतंय."

"उप्साला."

हे नाव दर वर्षी पहिलं. स्वीडनमधलं हे विद्यापीठ १४७७ सालचं. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तिथे सध्या नेच्यांवर कोण आहे?" सरांनी डोळे उघडले. "कोण म्हणजे? लिनिअस होता तिथे!" वनस्पतींना दुहेरी नावं देण्याची पद्धत रुळवणारा कार्ल लिनिअस उप्सालाला प्राध्यापक होता हे खरंच आहे. तो १७७८ साली वारला. सरांच्या हिशेबी ही रजा आहे. लिनिअसला डॉक्टरेट हार्डरवाइकने दिली म्हणून सरांना तेही घालायचं होतं, पण नेदरलँड्समधलं ते विद्यापीठ नेपोलियनच्या अमदानीत, १८११ला बंद झालं. यादीत सापडेना तेव्हा सर म्हणाले, "बघ, चांगल्या संस्था टिकत नाहीत." मग लायडन आलं, कारण लिनिअसचं 'सिस्टेमा नातुरे' १७३५ साली त्या गावी छापलं.

त्यानंतर क्यू. लंडनचं क्यू गार्डन्स म्हणजे वनस्पतीवाल्यांची पंढरी, पण ते विद्यापीठ नाही. हे सरांना दर वर्षी नव्याने कळतं. "नाही म्हणजे? पुन्हा टाइप कर. के-ई-डब्ल्यू." एडिंबराची वनस्पती बागही यादीत नसते, तेव्हा तिचं मत त्याच गावातल्या विद्यापीठाला जातं. "गाव तेच आहे ना?" एडिंबरा विद्यापीठातल्या कुणालाही याची कल्पना नसणार.

क्योतोला मत पडतं, कारण परिषदेला गेलेल्या सरांना घ्यायला तिथले प्राध्यापक भर पावसात छत्री घेऊन स्वतः स्टेशनवर आले होते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं नाव मात्र घ्यायचं नाही. फार वर्षांपूर्वी सरांचा निबंध एका नियतकालिकाने नाकारला आणि परीक्षकाने शेरा मारला की भाषा सुधारावी. परीक्षकाचं नाव अर्थातच गुप्त. पण 'कलर' या शब्दातलं 'यू' त्याने खोडलं होतं, त्यावरून सरांनी देश काढला. एका संदर्भावरून राज्य काढलं. आणि उरलेलं अंतर्ज्ञानाने. तेव्हापासून त्या विद्यापीठाला आमच्या विभागातून मत नाही. यादी खाली सरकताना ते नाव आलं की सर खोकतात.

बारा-पंधरा नावांनंतर गाडी अडते. मी म्हणतो, "सर, तीसपर्यंत लिहिलंय. तीसच पाहिजेत असं नाही." पण आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'उत्तर येत नसलं तरी काहीतरी लिहून या' असं बजावलेला माणूस रकाना मोकळा कसा सोडेल? "हार्वर्ड घाल. हार्वर्ड नसेल तर त्यांना वाटेल आपल्याला काही माहीतच नाही." हार्वर्ड पडतं. ऑक्सफर्ड, केंब्रिज पडतात. "पर्ड्यू घाल, आमच्या साडूंचा मुलगा आहे तिथे." मुलगा मेकॅनिकलला. आता पर्ड्यूला वनस्पतिशास्त्र आणि वनस्पतींच्या रोगांचा स्वतंत्र विभाग आहे आणि तो चांगलाही आहे. पण सरांचं मत त्या विभागापर्यंत साडूंच्या मुलाच्या ओळखीने पोचतं.

स्वदेशी दहा नावं म्हणजे तर आमच्याकडे लग्नात ठेवतात ती आहेराची वहीच. लखनौ, कारण वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी तिथे होते (ते १९४९ला गेले). दिल्ली, कारण तसेच पंचानन माहेश्वरी तिथे होते (ते १९६६ला गेले). बनारसच्या एका प्राध्यापकांनी सरांच्या पुस्तकाला प्रस्तावना दिली. कोल्हापूरला तोंडी परीक्षेला गेले असताना सरांना कुणीतरी घरी नेऊन तांबडा-पांढरा वाढला आणि निघताना डबाही दिला. "विभाग कसा आहे सर?" "माणसं फार चांगली आहेत." बटण दाबलं.

आपलं विद्यापीठ घालता येत नाही हे सरांना पाठ आहे. तरी दर वर्षी ते म्हणतात, "बघ बरं, दिसतंय का." दिसत नाही. "नियम चांगला आहे," असं सर म्हणतात आणि चहाचा कप उचलतात. तो रिकामा असतो.

गंमत म्हणजे असल्या सर्वेक्षणांची फजिती सरांइतकी रंगवून कुणी सांगत नाही. मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश थॉमस ब्रेनन यांनी एकदा शंभरेक वकिलांना दहा लॉ स्कूलची यादी पाठवून क्रम लावायला सांगितला. वकिलांनी पेन स्टेटला मधोमध बसवलं. तेव्हा पेन स्टेटला लॉ स्कूलच नव्हतं! हे सांगताना सर टेबलावर थाप मारतात. दुसरी गोष्ट क्लेम्सनची. अमेरिकेतल्या 'यूएस न्यूज'च्या यादीसाठी एक विद्यापीठ दुसऱ्याला गुण देतं. क्लेम्सन विद्यापीठातले अधिकारी आपल्या विद्यापीठाखेरीज बाकी सगळ्यांना कमी गुण देतात, असं २००९ साली त्याच विद्यापीठातल्या बाईंनी भर परिषदेत सांगून टाकलं. "बघ, कशी माणसं असतात," सर म्हणतात आणि मग त्याच दमात, "हं, सतरावं कुठलं घातलं आपण?"

शांघायची यादी त्यांना मान्य नाही. २००३ साली निघालेली ती यादी कुणाचं मत विचारत नाही. नोबेल पारितोषिकं, 'नेचर' आणि 'सायन्स'मधले निबंध असलं मोजते. "वनस्पतिशास्त्राला नोबेल आहे का? मग?" या युक्तिवादाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. आपल्या सरकारच्या 'एनआयआरएफ'मध्येही लोकमताला १० टक्के आहेत. दहा टक्के ऐकून सर नुसते मान हलवतात.

आमच्याकडे क्रमवारी कक्ष निघाल्यावर समन्वयक मॅडम सरांच्या मागे लागल्या. विद्यापीठाला आपल्या ओळखीच्या प्राध्यापकांची नावं क्यूएसकडे पाठवता येतात, ४०० पर्यंत. सरांच्या डायरीत जगभरचे नेचेवाले आहेत. "सर, तुमच्या मित्रांना सांगा ना, आपलं नाव घालायला." सर उठून उभे राहिले. "मॅडम, मत मागायचं नसतं!" मग आयर्लंडमधल्या कॉर्कच्या विद्यापीठाची हकीकत झाली. तिथल्या अध्यक्षांनी २०१३ साली प्राध्यापकांना पत्र लिहिलं होतं, की बाहेरच्या ओळखीच्यांना या सर्वेक्षणात नाव नोंदवायला सांगा. ते पत्र बाहेर फुटलं आणि क्यूएसने कान उपटले. मॅडम डायरी न घेताच गेल्या. सर मात्र दर दिवाळीला उप्साला, क्योतो, एडिंबरा सगळीकडे लांबलचक ईमेल पाठवतात. त्यात महाबळेश्वरला यंदा कुठला नेचा कमी दिसला, कुठला नव्या ठिकाणी सापडला, एवढंच असतं. मताचं अक्षर नाही. तरी आमच्या विद्यापीठाचं नाव जगात ज्या थोड्या लोकांना ठाऊक आहे, ते बहुतेक त्या ईमेलमुळेच, असा माझा अंदाज आहे.

आणि एक मत सर कधी चुकवत नाहीत. पेरादेनिया. श्रीलंकेतलं कँडीजवळचं विद्यापीठ. तिथल्या एका तरुण संशोधिकेचा प्रबंध सरांकडे तपासायला आला होता. सरांनी तो पेन्सिल घेऊन ओळ न ओळ वाचला, समासात भांडले, दोन आकृत्या चुकीच्या ठरवल्या, आणि नंतर महिनाभराने तिसऱ्या प्रकरणाबद्दल मला म्हणाले, "अरे, तिचंच बरोबर आहे." हे नाव सांगताना सर डोळे मिटत नाहीत. स्पेलिंगही स्वतः सांगतात. मोजणाऱ्याच्या दृष्टीने हे मत आणि हार्वर्डचं मत, दोन्ही एकेकच.

सर गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आता लंडनचं कसं?" मी क्यूएसचा नियम काढून दाखवला. एकदा दिलेलं मत पाच वर्षं मोजतात: पहिली तीन वर्षं पुरतं, चौथ्या वर्षी निम्मं, पाचव्या वर्षी पाव. सरांचा चेहरा उजळला. "म्हणजे पेन्शन आहे म्हण की!"

तुमच्याही ईमेलमध्ये कधी असं पत्र आलं तर स्पॅम समजून पुसू नका, भरा. फक्त ज्यांचं काहीतरी वाचलंय त्यांचीच नावं घाला आणि उरलेले रकाने खुशाल मोकळे सोडा. गुण कापत नाहीत.