पोटातली जमाबंदी

कॉलेजच्या दिवसांत शिवलेला कोट मला अद्याप होतो, ही वार्ता मी प्रत्येक लग्नमांडवात, कोणी विचारो वा न विचारो, जाहीर करीत आलो आहे. त्याच्या गुंड्या लावताना श्वास रोखावा लागतो, हा तपशील मात्र दप्तरी दाखल होऊ दिलेला नाही.

हातापायांच्या काड्या आणि मध्यभागी सुबत्ता, या माझ्या देहयष्टीचा आरोप घरात शंकरपाळ्यांवर ठेवला जात असला, तरी खरे गुन्हेगार अंतःस्थ अधिकारी आहेत. साखर रक्तात उतरली, की स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचे जामदार निघतात, आणि यकृताची व स्नायूंची कोठारे भरून उरलेला ऐवज चरबीच्या तिजोरीत जमा करवून, आपला अंमल चालू असेतोवर तेथून छदामही बाहेर जाऊ नये, असा सक्त हुकूम सोडतात. टेस्टोस्टेरॉन स्नायूंच्या तनख्यासाठी अर्ज करते, परंतु सोबत व्यायामाची शिफारस नसल्याने माझ्या दरबारी तो बहुधा नामंजूर होतो. कॉर्टिसॉल तर चिंतेचे निमित्त काढून स्नायूंतली प्रथिनेच मोडीत घालते आणि मुक्काम लांबला, की पोटाभोवती मेदाला वतने वाटते. 1994 साली उजेडात आलेले लेप्टिन म्हणजे चरबीने मेंदूकडे धाडलेले शिलकेचे पत्रक, 'तिजोरी भरली, वसुली आवरा' एवढ्याच मजकुराचे; पण खजिना जसजसा फुगतो तसतसा मेंदू त्याकडे काणाडोळा करू लागतो, त्यामुळे माझी पत्रके रुमालात बांधून फडताळात पडली असावीत.

2004 साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचेच छायाचित्र छापले: दोघांचा बीएमआय 22.3, आणि चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. एवढ्या विद्वान माणसाशी माझे निदान पोटापुरते साम्य निघाल्याने मी काही काळ हवेत होतो.

पुढचे वाचले आणि उतरलो. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळे सरासरी 2.7 किलोची, साउदॅम्प्टनची 3.5 किलोची, आपल्या बाळांचे स्नायू तोकडे, चरबी तेवढी राखलेली, आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन जन्मतःच चढे. दिवसभर शेतात राबणाऱ्या त्या मातांपैकी ज्यांच्या आहारात पालेभाजी, फळे, दूध अधिक, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. ज्या घरांत बाईचे पान सर्वांत शेवटी मांडले जाते, त्या घरांतल्या पुरुषांनी, म्हणजे मीही, शंकरपाळ्यांवर विनोद करीत बसावे, याचा मला मनस्वी संताप आला.

तो संताप मी रात्री जेवताना भाषणरूपाने व्यक्त केला. सौभाग्यवतींनी तो शांतपणे ऐकून घेतला, माझा दुधाचा पेला उचलला आणि पाचवा महिना लागलेल्या सूनबाईंपुढे ठेवला. शास्त्र माझेच असल्यामुळे मला फक्त सायीबद्दल विचारता आले, तर तीही पेल्यातच होती.