अवघड जागेचे दुखणे आणि कूलंट

मोटारीच्या इंजिनात कूलंट गळण्याच्या जागा दोन प्रकारच्या असतात : जिथे हात पोहोचतो त्या, आणि जिथून प्रत्यक्षात गळते त्या. रेडिएटरचा वरचा होज, कूलंटची बाटली, झाकण ही मंडळी पहिल्या प्रकारातली. बोनेट उघडले की ती स्वागताला उभीच असतात. दुसरा प्रकार राहतो इंजिनाच्या पाठीमागे, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीलगत. तिथून हीटरच्या दोन नळ्या आत शिरतात, तिथेच ब्लॉकच्या पाठीत पत्र्याची गोल बुचे ठोकलेली असतात, आणि तिथे उजेड कधीच गेलेला नसतो.

ही अडचण पूर्वी इतकी नव्हती. फियाट आणि ॲम्बेसिडर या गाड्यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असे. त्याच्या दोन्ही बाजूंना गॅरेजमधल्या पोऱ्याला डबा ठेवता येईल इतकी जागा उरे. इंजिन आडवे बसवण्याची युक्ती ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या ब्रिटिश मिनीमध्ये लोकप्रिय केली. जेमतेम दहा फुटी गाडीत चार माणसे बसली. १९८३ साली मारुती ८०० आली आणि हे आडवे इंजिन आपल्याकडे घरोघर पोहोचले. प्रवाशांच्या गुडघ्यांना मिळालेल्या जागेची किंमत कोणीतरी मोजायला हवीच होती. ती मेस्त्रीच्या मनगटाने मोजली.

कूलंट म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे साधारण निम्मे-निम्मे मिश्रण. त्यात गंज रोखणारी औषधेही घातलेली असतात. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. मावळात, सहाशे-साडेसहाशे मीटर उंचीवर, त्याहून दोनेक अंश आधीच. हे मिश्रण मात्र झाकणाच्या दाबाखाली सव्वाशेच्या आसपासही द्रवच राहते. झाकणाचे काम कुकरच्या शिट्टीसारखे आहे, आणि तापलेल्या कुकरचे झाकण जो कधी उघडणार नाही तोच माणूस रस्त्याकडेला रेडिएटरचे झाकण बिनधास्त फिरवतो. दाब सुटताच आतले पाणी क्षणात उकळून तोंडावर येते. इंजिन तासभर थंड होऊ द्यावे. हा तास सल्लागारांना जमायला पुरतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी बोरघाटात बोनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या गाड्या हे खंडाळ्याच्या धबधब्यांइतकेच नित्याचे दृश्य होते. आता गाड्या सुधारल्या, पण गळती घाटातून गावात आली. मावळात कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, लेण्यांच्या डोंगराखाली वसलेल्या बेडसे गावात ती आली की पहिला प्रश्न पडतो तो ओळखण्याचा. उन्हाळ्यात अंगणात ओला डाग पडला तर तो गाडीचाच. आषाढात मात्र बेडशात गळत नाही अशी वस्तू नसते. कौले गळतात, पन्हळ गळते, छत्री गळते, मग गाडीनेच काय घोडे मारले? त्यातून कूलंट पोपटी हिरवे असले, तर भाताच्या रोपांशेजारी ते ओळखू येण्याची आशा सोडावी. एसीचे पाणीही गाडीखाली ठिबकते. पण ते स्वच्छ आणि बिनवासाचे असते. कूलंट बोटांत चोळले की किंचित बुळबुळीत लागते आणि त्याला गोडसर वास येतो. वासावर थांबावे. ग्लायकॉल चवीलाही गोड आहे आणि विषारी आहे. चाखून खात्री करणाऱ्याला दुरुस्ती पुरी झालेली पाहायला मिळेलच असे नाही.

डाग दिसला म्हणजे जागा सापडली असेही नाही. द्रव इंजिनाच्या पाठीवरून ओघळतो, गिअरबॉक्सच्या खाचेत विसावतो आणि सोयीस्कर टोक गाठून तिथून टपकतो. त्यामुळे ठिबक डाव्या चाकापाशी आणि भोक उजव्या नळीला, हा प्रकार नेहमीचा. खरी खूण म्हणजे वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा हिरवट पापुद्रा. तो शोधायला आरसा लागे; आता मोबाइल पुरतो. कॅमेरा चालू करून, दिवा लावून तो फटीत सरकवायचा आणि चित्रण बाहेर आणून पाहायचे. मोबाइल दोरीने बांधूनच आत सोडावा, नाहीतर शोधायच्या वस्तू दोन होतात.

याच सुमारास हळदीचा प्रस्ताव येतो. रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकली की गळती थांबते, हा ड्रायव्हर लोकांचा जुना तोडगा, आणि तो अगदीच निराधार नाही. हळदीची पूड पाण्यात फुगते, वाहत जाऊन बारीक भोकात अडकते आणि काही काळ बूच बसते. अडचण एवढीच की गळणारे भोक कोणते आणि कामाचे भोक कोणते, हे हळदीला कळत नाही. रेडिएटर आणि हीटरच्या बारीक नळ्याही ती त्याच निष्ठेने बुजवते. बेडशाहून कामशेत गाठायला हळद ठीक. त्यापुढे तिची जागा फोडणीत. दुसरा प्रस्ताव सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधण्याचा. तीही सरळ नळीवर तात्पुरती चालते. पण गळती बहुधा नळीच्या टोकाशी, क्लिपखाली असते, आणि तिथे पट्टी गुंडाळायला जेवढी जागा लागते तेवढ्यात खरी दुरुस्तीही होते. तिसरा प्रस्ताव घरातल्या जावयाचा. अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. जावई गॅरेजवाला असला तर हाल त्याहून वाईट : त्याला घाई करता येत नाही, पैसे देता येत नाहीत आणि काम चालू असताना जेवायला बसवावे लागते.

हीटरच्या नळीची गळती धरून चालू, कारण घरी निस्तरण्यासारखी तीच. मावळात हीटर लागतो तो पौषातल्या थोड्या सकाळी. एरवी ते बटण कुठे आहे हेही मालकाला आठवत नाही. तरीही पुष्कळ गाड्यांत गरम कूलंट बारा महिने त्या नळ्यांतून फिरत असते. रबर कडक होते, टोकाला चिरा पडतात आणि कधीच न वापरलेल्या सोयीपायी गाडी बंद पडते.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी, एअर फिल्टरचा डबा काढावा, रेडिएटरखाली घमेले ठेवून कूलंट काढून घ्यावे. लहान मोटारीत ते चार लिटरच्या आसपास निघते. घड्याळ आणि अंगठी उतरवावी. यानंतर जे उरते त्याला यंत्रशास्त्रापेक्षा भूमिती म्हणणे योग्य. हात आत गेला की डोळा बाहेर राहतो. डोळ्याला दिसू लागले की हाताला जागा राहत नाही. कंपनीने बसवलेली स्प्रिंगची क्लिप असते. तिचे दोन कान पक्कडीने एकत्र दाबले की ती सैल होते. हे कान कारखान्यात इंजिन गाडीबाहेर असताना बसवलेले असल्याने नेमके भिंतीकडे तोंड करून असतात. पक्कड सरळ जात नाही, तिरकी गेली तर एकच कान धरते, आणि दोन्ही कान सापडले तर मूठ मिटायला जागा नसते. अशा वेळी आधी एक कान पेचकसाने ढकलून क्लिप नळीवरच चतकोर फिरवून घ्यावी. कान वर आले की निम्मे काम झाले. या टप्प्यावर बाहेर उभे असलेले लोक ‘आलं का?’ असे विचारतात. उत्तर देण्याचे बंधन नाही.

क्लिप मागे सरली तरी नळी सुटत नाही; ती वर्षानुवर्षे भाजून चिकटलेली असते. इथे ओढाओढ करणे ही सर्वांत महाग चूक. आतली हीटरची तोटी नाजूक असते, आणि ती मोडली तर बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. नळी नाहीतरी टाकायचीच आहे. ब्लेडने लांबीत चिरून ती सोलून काढावी, पण पाते खालच्या तोटीत रुतू देऊ नये. नवी नळी कामशेत किंवा तळेगावला मिळाली तर उत्तम, नाहीतर पुण्याची नाना पेठ आहेच. जुनी नळी सोबत न्यावी. ‘साधारण एवढी’ असे हाताने दाखवून आणलेली नळी साधारणच बसते. तोटी पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करावी आणि नळीच्या तोंडाला आतून कूलंटचाच हात फिरवावा. ग्रीस लावू नये, ते रबर खाते. नवी क्लिप पेचाची असली तर पेचाचे डोके वरच्या दिशेला ठेवावे. पुढच्या खेपेला हा हात कोणाचाही असू शकतो. नळी मिळेपर्यंत गाडी लागणारच असेल, तर हीटरच्या दोन्ही वाटा इंजिनाच्या बाजूलाच एका नळीने एकमेकींना जोडून हीटर वगळता येतो. पावसाळ्यात काच पुसायला फडके लागेल, एवढाच तोटा.

कूलंट भरताना विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालण्याचा मोह होतो. त्यातले क्षार ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आणि नळ्यांत थर धरतात. बॅटरीत घालतात तसले डिस्टिल्ड पाणी घ्यावे. बेडशाच्या लेण्यांत कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहे आणि तिच्यापाशी महारठिनी सामडिनिका हिच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कामाला ना होज लागला ना क्लिप. मात्र त्या पाण्याला ताशी ऐंशीने एक्स्प्रेसवेवर धावायचे नव्हते हेही मान्य करायला हवे.

भरून झाल्यावर आतली हवा काढणे उरते. हवेचा फुगा अडकला तर तापमानाचा काटा लाल रेघेला जातो आणि सगळे काम वाया गेल्यासारखे वाटते. गाडीचे नाक चढाकडे करून उभी करावी; ४०० पायऱ्यांच्या त्या डोंगराच्या पायथ्याला चढाचा तुटवडा नाही. झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे, एअर फिल्टरचा डबा आणि बॅटरीची वायर परत जोडावी, हीटरचे बटण पूर्ण गरमकडे फिरवून मग इंजिन चालू करावे. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे येत राहतात, पातळी खाली जाते आणि थोडे-थोडे ओतावे लागते. आतून गरम वारा आला म्हणजे हवा निघाली. झाकण लावावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का पाहावे. रात्रभर गाडीखाली कोरडा पुठ्ठा ठेवावा. तो शेजाऱ्याचा नसावा.

घमेल्यातले जुने कूलंट झाकून ठेवावे. वाडीतली कुत्री गोड वासाला येतात आणि थोडेसे पोटात गेले तरी मरतात. ते ओढ्यात किंवा खाचरात ओतू नये. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे. आणि मोबाइलच्या चित्रणात नळीऐवजी ब्लॉकच्या पाठीचे बूच ओले दिसले, तर पाने पेटीत परत ठेवावेत. पुष्कळ गाड्यांत त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि ते अंगणातले काम नव्हे. गाडी पिकअपमागे बांधून कामशेतला न्यावी. दोरी बंपरला नव्हे, हुकाला बांधावी.