रोम पडलं टेलला

कालव्याला आवर्तन सुटलं की हेडची मंडळी खुशीत असतात. टेलला काय पोहोचतं ते टेलच्या शेतकऱ्यालाच विचारावं. युरोपच्या टूरचं तसंच आहे. उत्साह लंडन-पॅरिसच भिजवून घेतात आणि आमच्या टूरमध्ये रोम पडलं टेलला. आयफेल टॉवरची ३३० मीटर उंची ऐकून तोंडात बोट घालणारी आमची डाळज गावची मंडळी कलोसियमपाशी बसमधून उतरायला तयार होईनात. "हितनंच दिसतंय की," काकी म्हणाल्या. दिसत होतंच. इसवी सन ८० पासून ते तिथंच आहे.

त्यातून पडक्या दगडांचं आम्हाला अप्रूप कमी. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, तेही तिकिटाशिवाय.

टूरच्या शेवटच्या दिवसांत माणूस बघायचं सोडतो आणि मोजायला लागतो. युरो किती उरले, शेंगदाण्याची चटणी किती उरली, तेवीस किलोच्या बॅगेत चॉकलेट किती बसेल आणि भावकीत घरं किती. काकींची वाटणी तलाठ्याच्या दप्तराहून चोख होती. थोरल्या घरी मोठं पाकीट, धाकट्या घरी छोटं. ज्यांनी थोरलीच्या लग्नात आहेर केला नाही, त्यांना फ्रिजवर चिकटवायचा टॉवर. तात्यांचा हिशेब वेगळाच होता. इकडं लघवीला जायचं तर कुठं कुठं एक युरो पडतो. तात्या आधी युरोचे रुपये करत आणि आकडा ऐकून त्यांची निकड आपोआप ओसरे. स्वित्झर्लंडपासून त्यांनी हा निग्रह मोडला नव्हता.

रोमच्या गाइडबाई हसतमुख होत्या. कुठून आलात, असं त्यांनी विचारल्यावर तात्या अभिमानानं म्हणाले, "डाळज नंबर दोन." बाईंना वाटलं, ते बसचा नंबर सांगतायत. त्या आम्हाला दुसऱ्याच बसकडं घेऊन निघाल्या.

व्हॅटिकनच्या रांगेत टूर मॅनेजरनं माहिती दिली, "जगातला सगळ्यात छोटा देश. फक्त ४४ हेक्टर." तोवर उभ्या उभ्या पेंगणारे तात्या एकदम जागे झाले. "म्हंजी एकशे नऊ एकर. जिराईत का बागाईत?"

"काका, निम्म्या जागेत बागाच आहेत."

"मग बागाईतच." देशाचा विषय तात्यांपुरता मिटला.

सिस्टाइन चॅपेलमध्ये बोलायला बंदी, फोटोला बंदी. मायकेलअँजेलोनं ते छत १५०८ ते १५१२ असं चार वर्षं रंगवलं. काकींनी वर बघितलं, मान चोळली आणि दबक्या आवाजात विचारलं, "त्याला आयोडेक्स कोण लावत असंल?" रखवालदार "सिलेन्झिओ!" म्हणून ओरडला. सबंध चॅपेलमध्ये सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता.

संध्याकाळी त्रेव्ही कारंजं. उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो म्हणतात. काकींनी पर्सची चेन लावून टाकली. "आता घरी जायचं वेध लागल्यात, आन् परत यायला पैसं द्यायचं व्हय?"

तात्या मात्र कठड्याला टेकून पाण्याकडं बघत राहिले. "पाणी कुठनं आणलंय?"

गाइडबाई म्हणाल्या, इसवी सनापूर्वी १९ मध्ये अग्रिप्पा नावाच्या माणसानं वीसेक किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी शहरात आणलं, बहुतेक जमिनीखालून. मध्ये पडझड झाली, डागडुज्या झाल्या, नवे नळ पडले. पण या कारंज्याला पाणी त्याच योजनेचं.

झालं. ज्यांच्या वडिलांची जमीन उजनीत गेली आणि ज्यांची हयात पाण्याच्या पाळीची वाट बघण्यात गेली, त्या माणसापुढं बाईंनी कालवाच उघडला होता. उतार किती दिला? मोटर नव्हती, मग चढाला काय केलं? टेलला पाणी पोचायचं का? मॅनेजर भाषांतर करून घामाघूम झाला. मला विचाराल तर साऱ्या टूरमध्ये एवढं मन लावून कुणी काही बघितलं नव्हतं.

"आन् पाणीचोरी?"

बाई हसल्या. इसवी सन ९७ मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा माणूस रोमच्या पाण्याचा मुख्य अधिकारी झाला. त्यानं पुस्तकच लिहून ठेवलंय. त्यात तक्रार आहे की वाटेतले शेतकरी पाटाला भोकं पाडून पाणी आपापल्या रानात वळवतात आणि खात्यातली माणसं त्यांना सामील असतात.

तात्यांचा चेहरा असा फुलला की पॅरिसच्या रोषणाईतही कधी फुलला नव्हता. त्यांनी खिशातून जपून ठेवलेला युरो काढला, पाठ फिरवली आणि डाव्या खांद्यावरून टाकला.

"अहो! शंभराच्या घरात जातोय की त्यो!" काकी किंचाळल्या. "लघवीला दिला न्हाई कधी!"

"गप," तात्या म्हणाले. "पाणीपट्टी भरली."