तब्येत सुधारली वाटतं!

लग्नाच्या हॉलमध्ये अक्षतांच्या आधी अभिप्राय पडतात. "तब्येत सुधारली वाटतं!" हे दुखण्यातून उठलेल्याला नव्हे, नव्या ब्लाउजमध्ये श्वास रोखून उभ्या असलेल्या भाचीला म्हटलेलं असतं. ती बारीक असली तर मावशी विचारतात, "घरी जेवायला घालत नाहीत का गं?" काकांचं पोट मात्र सदऱ्याची बटणं ताणून बाहेर आलं, तरी 'खात्यापित्या घरचं' म्हणून सुटतं.

बरं, बोलायचंच तर कापडाबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे. खळ दिलेली सुती साडी अंगापासून फुगून राहते, जॉर्जेट चापूनचोपून बसतं. ठेंगण्या उंचीवर वीतभर रुंदीचा काठ निम्मी साडी खाऊन टाकतो. "काठ जरा लहान घेऊन बघ" यात कुणाचं वजन काढावं लागत नाही. पण त्यासाठी साडीकडे बघावं लागतं, आणि आपली नजर थेट कमरेवर.

लक्ष्मी रोडवरचा विक्रेता दुसऱ्या टोकाचा. त्याच्या मते दुकानातली प्रत्येक साडी प्रत्येक गिऱ्हाइकाला खुलून दिसते. पटत नसेल तर तो स्वतःच पदर खांद्यावर टाकून दाखवतो, आणि मिशांसकट बरा दिसतो.

त्यातल्या त्यात शहाणा शिंपी. माप घेताना चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. आकडा वहीत जातो आणि शिवणीच्या आत इंचभर माया सोडली जाते. मावशींच्या ब्लाउजातली तर कधीच उसवून झाली. पण शिंप्याने त्याबद्दल कुठल्याही हॉलमध्ये ब्र काढलेला नाही.