उवांचा तेरावा

मराठी घरात कर्जाची चर्चा चारचौघांत होते, पोटाच्या तक्रारींची तर जेवतानाही होते. पण पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात हे मात्र दार लोटून, आवाज उतरवून सांगितलं जातं. मग शेजारी कळू नये म्हणून औषध लांबच्या दुकानातून येतं आणि आजच्या आज निकाल लागलाच पाहिजे, या हट्टाने डोक्याला चोपडलं जातं. उवांना आपल्या घरात आसरा मिळतो तो अस्वच्छतेमुळे नव्हे, या लाजेमुळे, असं माझं मत आहे. लाजेला घाई असते, आणि घाईतल्या माणसाला ऊ हमखास पुरून उरते.

कारण तिचं वेळापत्रक आपल्यापेक्षा चोख आहे. मादी दिवसाला 6 ते 8 अंडी घालते आणि प्रत्येक लीख केसाच्या मुळाशी अशी डकवते की धुऊन निघायची सोय नाही. ती 7 ते 9 दिवसांत फुटते. पिल्लू पुढच्या 9 ते 12 दिवसांत वयात येतं. खाज सुटते ती उवेच्या लाळेच्या ॲलर्जीने, आणि उवा पहिल्यांदाच झाल्या असतील तर ती जाणवायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात. म्हणजे पोरगी डोकं खाजवायला लागेपर्यंत मूळ रहिवासी आजी होऊन बसलेली असते. एवढ्या एकत्र कुटुंबाला रविवारच्या एका न्हाण्यात हुसकावू म्हणणारा माणूस आशावादी खराच. पर्मेथ्रिनचं औषधसुद्धा चालत्याफिरत्या उवा मारतं, सगळ्या लिखा नाही. म्हणून आठवडा-दहा दिवसांनी ते पुन्हा लावायचं असतं. शिवाय जगात बऱ्याच ठिकाणच्या उवा आता या औषधाला दाद देत नाहीत.

यावर ठरलेला आक्षेप येतो: स्वच्छ घरात उवा होतातच कशा? होतात, कारण उवेला हवं असतं रक्त, आणि ते धुतलेल्या डोक्यातही तितकंच ताजं असतं. तिला उडता येत नाही, उड्याही मारता येत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की ती चालत पलीकडे जाते. श्रीमंतीनेही ती बिचकत नाही. इस्रायलमधल्या लाखीश इथे एक हस्तिदंती फणी सापडली, इसवी सनपूर्व 1700च्या सुमाराची. एका बाजूला गुंता सोडवायला 6 जाड दात, दुसऱ्या बाजूला उवांसाठी 14 बारीक. तिच्यावर कनानी लिपीत, केसांतल्या आणि दाढीतल्या उवा हिने निघोत, अशा अर्थाची इच्छा कोरली आहे. वर्णमालेच्या लिपीत लिहिलेलं आजवर हाती आलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य ते हेच. हस्तिदंत परवडणाऱ्या त्या घरानेही उवांचं दुखणं लपवलं नाही, कोरून ठेवलं. आपण फणी फडताळात मागे सारतो.

घाईचे उपाय तर उवांहून भयंकर. रॉकेल कातडी भाजतं, पेट घेतं. सीताफळाच्या बियांची पूड 'नैसर्गिक' म्हणून लावतात. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. उवेने मात्र आजवर खाज, झोपमोड आणि खाजवून झालेल्या जखमा यांपलीकडे फारसं काही केलेलं नाही. डोक्यातली ऊ रोग पसरवत नाही.

मग कोंडा कुठला आणि लीख कुठली, हे आधी बघावं. कोंडा बोटाने झटकला की पडतो, लीख नखाने ओढत न्यावी लागते. मुळापासून सेंटीमीटरभर वर दिसणारी लीख बहुधा रिकामं टरफल असते. जिवंत ऊ दिसल्याखेरीज औषधाला हात लावू नये. ती दिसायला केस ओले करून भरपूर कंडिशनर लावावा, बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत ओढावी आणि दर खेपेला पांढऱ्या कागदावर पुसावी. तिळाएवढा करडा जीव कागदावर पाय हलवतो, आणि दोन नखांमध्ये आला की 'टच्' असा आवाज होतो. त्या आवाजाचं समाधान कुठल्याही बाटलीत मिळत नाही.

एवढा वेळ कुणाला आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. लांब केसांना अर्धा तास सहज जातो, आणि पोरगी तेवढा वेळ बसते असंही नाही. पण हे रोज करायचं नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने दिलेलं कोष्टक असं: पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस, म्हणजे मधल्या काळात फुटलेली पिल्लं अंडी घालायच्या आत फणीत येतात. तेराव्याला उरकतं, ही सोय त्या लोकांनी नकळत आपल्याच पंचांगातून साधली आहे. सतराव्या दिवशी एकदा तपासणी. उशीचे अभ्रे गरम पाण्यातून काढले की पुरे. डोक्याबाहेर ऊ दोन दिवसही टिकत नाही, गादी जाळायला कुणी सांगितलेलं नाही. तपासणी मात्र घरातल्या सगळ्या डोक्यांची करायची, आणि त्यात 'मला कुठून होणार' म्हणत पेपरामागे लपलेल्या बाबांनाही सूट नाही. टक्कल पूर्ण पडलेलं असेल तरच अपवाद.