हयातीचा दाखला

पहाटे पावणेपाचला आमच्या जिन्यात काठीचा आवाज येतो. टक्, टक्, टक्. नवीन राहायला आलेल्यांना वाटतं, वर कुणी म्हातारं माणूस आजारी आहे, झोप येत नाही म्हणून बिचारं येरझाऱ्या घालतंय. प्रत्यक्षात ते म्हातारं माणूस पाठीवर दहा किलोंची सॅक बांधून तळमजला ते गच्ची अशा बारा फेऱ्या मारत असतं. लिफ्ट चालू असताना. सॅकमध्ये तांदूळ असतात. काकू म्हणतात, "असू देत. तांदूळ जुना होतो, भात मोकळा होतो."

काठ्या दोन आहेत. त्यांना काठी म्हटलेलं काकांना चालत नाही. ते ट्रेकिंग पोल. काठी म्हाताऱ्यांना लागते.

काकांचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत, नाशकात, जिथे म्हणून पेन्शनर राहतात तिथे ते निरनिराळ्या आडनावांनी राहतातच. ओळखायची खूण अशी: बारा खिशांची विजार, गळ्यात शिट्टी, मुलांना शाळेत असताना कधी घेऊन दिले नाहीत इतक्या किमतीचे बूट, आणि गुडघ्याचा विषय निघाला की चटकन बदललेला विषय.

आमचे काका सरकारी लेखापरीक्षणात होते. छत्तीस वर्षं. या छत्तीस वर्षांत त्यांनी केलेला सर्वांत मोठा प्रवास म्हणजे महाबळेश्वर, आणि तिथेही सूर्यास्त चालू असताना ते टॅक्सीवाल्याकडे पावती मागत होते. रजा घ्यायची म्हणजे टेबल दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं, आणि दुसऱ्याने केलेली बेरीज काकांना कधीच पटली नाही. त्यामुळे रजा साठत गेली. सरकार निवृत्तीच्या वेळी ३०० दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे पैसे देतं, त्यावरची बुडते. काकांची बरीच बुडाली. मिळालेल्या पैशांतून बूट, सॅक आणि उणे दहा अंशांची स्लीपिंग बॅग आली, पण बुडालेल्या रजेचं दुःख अजून आहे. "तेवढ्यात अख्खा सह्याद्री झाला असता," असं ते एखाद्या गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने त्यांनी घराचं लेखापरीक्षण केलं. सिलिंडर किती दिवस गेला याची नोंद स्वयंपाकघराच्या दारामागे लागली. दूधवाल्याचा चार वर्षांचा हिशेब उकरून काढला, तेव्हा साडेअकरा रुपये उलट आपल्याकडूनच निघाले. मग काका फोडणीकडे वळले. 'एप्रिलमध्ये मोहरीचा खप मार्चपेक्षा अधिक का झाला?' अशी लेखी विचारणा ज्या दिवशी मिसळणाच्या डब्याखाली सापडली, त्याच दिवशी संध्याकाळी काकू कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. तिथे 'दर रविवारी सिंहगड, ज्येष्ठांचे स्वागत' असा कागद चिकटवलेला होता. काकूंनी वर्षाचे पैसे एकरकमी भरले. काका सगळ्यांना सांगतात की त्यांना डोंगराने बोलावलं. डोंगराने बोलावलं असेलही, पण पाठवलं काकूंनी.

पहिल्या रविवारी आतकरवाडीहून वर पोहोचायला त्यांना पावणेतीन तास लागले. वर पिठलं-भाकरी खाल्ली, मडक्यातलं दही खाल्लं आणि दहीवालीकडे पावती मागितली. ती म्हणाली, "पावती न्हाई, अजून एक मडकं घ्या." काकांनी घेतलं. नियमबाह्य खर्चाची त्यांच्या आयुष्यातली ती पहिली नोंद. आज ते सव्वा तासात वर असतात, आणि बागेतल्या बाकावर बसून साखर, बीपी आणि सुना या तीन विषयांवर बोलणाऱ्या आपल्या समवयस्कांकडे, मी पूर्वी मठात गेलो नव्हतो तेव्हा मीही असाच होतो, अशा नजरेने बघतात.

मला त्यांनी एकदाच नेलं. कळसूबाईला. मी चव्वेचाळीस वर्षांचा, संगणकासमोर बसून पैसे मिळवणारा माणूस. आदल्या रात्री त्यांच्याकडून दीड पानाचं परिपत्रक आलं: पाणी तीन लिटर, खजूर, चिक्की, इलेक्ट्रलच्या दोन पुड्या, जादा मोजे, आणि 'विलंबाने येणाऱ्यांची वाट पाहिली जाणार नाही'. सोबत काकू होत्या, त्या बारीत पायथ्याशी एका घरी बसणार होत्या. वाटेत राजूरहून बारीपर्यंत आम्ही एसटीने गेलो. पासष्ट पूर्ण झाल्यावर एसटीत अर्धं तिकीट, आणि काकांना ती सवलत नुकतीच लागू झालेली. कंडक्टर म्हणाला, "आधार दाखवा." आता हा क्षण काकांच्या आयुष्यात फार कठीण असतो. कंडक्टरचा विश्वास बसला नाही याचा आनंद मानावा, की सरकारी सवलतीवर शंका घेतल्याचा राग मानावा? काकांनी दोन्ही मानले, आणि आधार दाखवलं. काकूंना कुणी काही विचारलं नाही. बायकांना २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धंच तिकीट. "मला बाई म्हणून अर्धं," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि यांना म्हातारं म्हणून."

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण. हे मला काकांनी पायथ्याशी, पहिल्या शिडीपाशी आणि तिसऱ्या विसाव्याला असं तीनदा सांगितलं. चढताना ते बोलत नाहीत. एका लयीत, नाकाने श्वास घेत, पाऊल पूर्ण टेकवून चालतात. मी पुढे पळायचो, धापा टाकत बसायचो, आणि मागून टक्, टक् असा आवाज येऊन मला ओलांडून जायचा. दर वेळी एक शेरा मिळायचा. "पाणी एकदम पिऊ नकोस, घोट घोट." "बुटाची लेस सुटलीय." चौथ्या वेळी त्यांनी खिशातून वही काढली, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला अजून माहीत नाही. ऑडिटमध्ये आक्षेप आधी दाखवत नसतात.

शिड्या संपल्यावर वरच्या अंगाला एक बाई लिंबू सरबत विकत बसलेली. वय विचारलं तर म्हणाली, साठ-पासष्ट असेल, कुणी लिहून ठेवलंय. पायात रबरी चपला. लिंबं, साखर, पेले, सगळं रोज डोक्यावर घेऊन गावातून वर, संध्याकाळी खाली. शनिवार-रविवार दोन खेपा. काका आपल्या बुटांकडे बघत होते. ती काकांच्या काठ्यांकडे बघत होती.

"पेन्शन मिळती का बाबा?"

"मिळते ना."

"टायमावर?"

"एक तारखेला."

"मंग कशाला चढता?"

छत्तीस वर्षांत काकांनी लेखी खुलासे हजारो मागितले असतील. हा बहुधा त्यांच्याकडे मागितलेला पहिला. ते सरबत पिऊन होईपर्यंत गप्प राहिले. दहाची नोट देऊन दुसरा पेला मागितला, तोही प्यायले. माथ्यावरच्या देवळापाशी पोहोचल्यावर मला म्हणाले, "ती बाई बरोबर आहे, पण तिला आपली बाजू समजणार नाही." आपली बाजू काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला तेव्हा विचारण्याइतका श्वास नव्हता.

मला मात्र काकांची बाजू पुढे त्यांच्या हिमालयाच्या हकिकतीतून कळली. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला ते बासष्टाव्या वर्षी गेले. (५३६४ मीटर. फुटांत सांगायचा मोह ते आवरतात, पण फार वेळ नाही.) मुलगा म्हणाला, वेड लागलंय. डॉक्टरांनी ट्रेडमिलवर पळवलं, आणि जा म्हणाले. काकूंनी मेतकूट, लसणीची चटणी आणि तीन किलो दशम्या बांधल्या. त्या दशम्या नामचे बाजारला शेर्प्यांनी संपवल्या. गटात बंगळुरूची सहा तरुण पोरं होती, पंचविशीतली, व्यायामशाळेत कमावलेल्या दंडांची. उंचीवरचा नियम असा आहे की ३००० मीटरच्या वर गेलं की झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि मधूनमधून एक दिवस थांबावं. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. पोरांना हा नियम म्हणजे सल्ला वाटला. काकांना मात्र कितीतरी वर्षांनी एक खराखुरा नियम भेटला, आकड्यासह! ते सद्गदित झाले असावेत. पोरं रोज पुढे पळाली, सामान टाकून आणखी वर जाऊन आली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांतले दोघे डोकं धरून, ओकाऱ्या काढत खाली परत गेले. काका मंत्रालयात फाइल सरकते त्या वेगाने सरकत राहिले. हे टेबल, मग ते टेबल. एके दिवशी फाइल पोहोचली.

गंमत ही आहे. आपल्याला वाटतं, माणूस निवृत्त झाला, डोंगरात गेला आणि बदलला, मोकळा झाला. काका तसूभर बदललेले नाहीत. सावकाशपणा, संशय, दोनदा तपासणं, खिशात कागद ठेवणं, परवानगीशिवाय पुढे न जाणं: कचेरीत ज्या गुणांनी त्यांनी दोन पिढ्यांना छळलं, त्याच गुणांसाठी गाइड त्यांना दंडवत घालतात.

२०२५ च्या जुलैत शिवकाळातले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले आणि काकांना यादी मिळाली. यादी म्हणजे काकांचं अमृत. रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, प्रतापगड हे आधीच झालेले होते, तरी पुन्हा केले, कारण आधीचे यादीपूर्वी झाले होते. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग या पाण्यातल्या किल्ल्यांबद्दल त्यांचा आक्षेप आहे: बोटीने जायचं, चढाई नगण्य. विजयदुर्गाला पायी जाता येतं, पण तिथेही फार चढाई नाही, म्हणून तोही पेन्सिलीने नोंदवला. अकरावा जिंजी तमिळनाडूत. राजाराम महाराज पन्हाळ्याहून जिंजीला वेषांतर करून गेले, काका रेल्वेने पूर्ण भाडं भरून गेले. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती अजून सुरू नाही, आणि या विषयावर ते राजगिरीच्या पायऱ्या चढताना सलग बोलले. उरला फक्त साल्हेर, बागलाणातला, १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. तो त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला.

तयारी म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी ते हरिहरला गेले. हा यादीतला नव्हे, पण त्र्यंबकेश्वरजवळच्या या किल्ल्याचा जिना उभ्या कातळात खोदलेला आहे, पायऱ्यांना हात धरायला खोबण्या. पायऱ्या लोक ११७ सांगतात. काकांच्या मोजणीत चढताना ११६ आणि उतरताना ११९ भरल्या. मेळ बसेना, म्हणून ते परत वर गेले. उतरताना कातळाला तीन ठिकाणी आधार हवा असं शिकवतात. काका पाच ठिकाणी घेतात, आणि पाचव्यामुळे विजारीचा बारावा खिसा तिथेच राहिला. बोटांची कातडी मात्र सगळ्या खोबण्यांत थोडी थोडी वाटली गेली.

आणि नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबरात पेन्शनराने आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचं असतं. काका दर वर्षी एक तारखेलाच कळवतात. त्या वर्षी एक तारखेला शनिवार आला, तरी बँक उघडताच हजर. काकूंना बाजार होता आणि मला त्यांना गाडीतून सोडायचं होतं, म्हणून आम्हीही तिथेच. काउंटरवरच्या मुलीने अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितला. यंत्राने नाकारला. दुसरा अंगठा नाकारला. मग तर्जनी, मधलं बोट, करंगळी. दहाही झाली. मागच्या रांगेतल्या एका वाकलेल्या आजोबांनी सहानुभूतीने काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, तुमचे ठसे पुसले गेलेत," मुलगी म्हणाली.

"पुसलेले नाहीत. हरिहरला आहेत."

मुलीला काही कळलं नाही. तिने फोन समोर धरला आणि सांगितलं की आता चेहऱ्यावरूनही होतं, फक्त चेहरा चौकटीत आणा आणि डोळे मिचकवा. काका अवघडले. गॉगलच्या जागी पांढरा, बाकी चेहरा तांबूस-काळा, आणि परक्या मुलीने धरलेल्या फोनपुढे डोळे मिचकवायचे. "मिचकवा हो," काकू मागून म्हणाल्या. "चाळीस वर्षांत माझ्याकडे बघून नाही, निदान सरकारकडे बघून तरी." तिसऱ्या प्रयत्नाला हिरवी खूण आली. काका जिवंत होते.

ते उठले नाहीत. "हे मशीन तुमच्याकडेच लागतं का?"

"नाही काका, तुमच्या मोबाइलवरही होतं. पुढच्या वर्षी यायचीसुद्धा गरज नाही. घरबसल्या करा."

'घरबसल्या' या शब्दाला काकांनी तोंड वाकडं केलं. मग खिशातून वही काढली, पुढच्या नोव्हेंबरचं पान शोधलं, आणि पेन्सिल ओठाला लावून विचारलं,

"साल्हेरच्या माथ्यावर रेंज येते का?"