श्राव्यनाट्यप्रेमींचे संगीतशास्त्र

ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’च्या चाहत्याची अभिरुची अत्यंत शास्त्रशुद्ध असते. ही बीबीसी मालिका १९८९मध्ये पडद्यावरून गेली. १९९९पासून बिग फिनिश या कंपनीने जुन्याच नटांना घेऊन तिची श्राव्यनाट्ये सीडीवर आणली. चित्र नसल्याने राक्षस आला की पात्राला पळता पळता त्याचा रंग, उंची आणि पायांची संख्या मोठ्याने सांगावी लागते. चाहता याला वास्तववाद म्हणतो. एकच धून प्रत्येक भागाच्या आरंभी वाजते, ती परंपरा.

पॉप गाण्यात मात्र तेच धृपद तिसऱ्यांदा आले की तो सांस्कृतिक ऱ्हास ठरतो. ब्रिटनमध्ये १९५२पासून, सुरुवातीला केवळ खपावरून, गाण्यांची साप्ताहिक क्रमवारी लागते, आणि चाहत्याच्या मते दोष इथेच आहे: लोकांना आवडलेले गाणे लोकांनीच निवडायचे, हा उघड पक्षपात. त्यापेक्षा क्रमवारी उलटी लावावी. जे कोणीच ऐकले नाही ते पहिले.

पॉप म्हणजे ऱ्हास, या नियमाला जून १९८८मध्ये अपवाद घडला. द टाइमलॉर्ड्स यांचे ‘डॉक्टरिन द टार्डिस’ हे मालिकेच्याच धुनेवर बेतलेले गाणे आठवडाभर पहिल्या क्रमांकावर राहिले. तेवढे सात दिवस ब्रिटिश जनतेचे कान ठणठणीत होते. पुढे गाण्याच्या कर्त्यांनी पहिला क्रमांक सहज कसा मिळवावा, याची पुस्तिकाच काढली. चाहत्याने तिची नोंद विज्ञानकथांत केली आहे आणि श्राव्यरूपांतराची तो वाट पाहतो.